भोक चुकीच्या जागी नव्हतं

विकणाऱ्याने त्याला ‘कप’ म्हटलं होतं. कान नाही, बशी नाही, लिटरभर मावेल एवढं पोट, आणि काठाच्या थोडं खाली आरपार भोक. असल्या वस्तूला कप म्हणणाऱ्या माणसाला त्यातलं काही कळत नसावं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. त्या भांड्याबद्दल मला मिळालेली ती पहिली अचूक माहिती होती, हे कळायला दीड महिना गेला.

मी हौसेने चाकावर माती घडवते. त्यामुळे जुन्या वस्तूंच्या ढिगात हात घातला की माझी नजर आधी मातीच्या भांड्यांवर जाते, आणि त्यांच्याविषयीची माझी मतंही जरा लवकरच तयार होतात. दिसायला हे भांडं म्हणजे छोटी कुंडी. वर रुंद, खाली निमुळतं, आतून पिवळसर तपकिरी झिलई, बाहेरून उघडी कोरडी माती. फक्त कुंडीचं भोक बुडाला असतं. याचं बूड सलग होतं आणि भोक काठापासून दोन सेंटिमीटरवर, करंगळी जाईल एवढं. घडवणाऱ्याने झोपेत भोक पाडलं असावं, अशी माझी पहिली प्रतिक्रिया. विकत घेतलं ते त्या चुकीच्या प्रेमात पडूनच.

पहिली खरी चूक मात्र मी घरी आल्याआल्या केली. भांडं गरम पाण्याखाली धरून साबणाने खसाखसा घासलं. जुन्या भांड्याच्या आतला मळ हीच त्याची साक्ष असते, आणि मी ती धुऊन काढायला निघाले होते. आत जे चिकटलं होतं ते पाण्याला दाद देणारं नव्हतं, एवढ्यावरच हे प्रकरण वाचलं. बुडाच्या कोपऱ्यात मधाच्या रंगाचा कडक थर होता. गरम पाण्याने तो किंचित मऊ आणि चिकट झाला, वरून पांढुरका पडला, पण निघाला नाही. नखाखाली गेला तो दोन दिवस तिथेच राहिला. आतल्या अंगाला त्याच रंगाची एक रेघही होती, भांड्यात काहीतरी बराच काळ एका पातळीवर साचून राहिल्यासारखी. ही रेघ काठाला समांतर नव्हती. भोकाच्या बाजूला काठापासून साडेचार सेंटिमीटरवर, आणि बरोबर समोर तीन सेंटिमीटरवर. मी वहीत लिहिलं, ‘हट्टी डाग, तिरका’. पुढे लिहिलं, ‘भांडं बहुधा कलत्या फळीवर ठेवलेलं’. वहीतल्या या दोन ओळी आता वाचताना कान गरम होतात.

माप आणि माती

उंची १४ सेंटिमीटर, तोंडाचा बाहेरून व्यास १३, बुडाचा ९.२. भोकावर बोट दाबून काठोकाठ भरलं तर ९५० मिलिलिटर पाणी मावतं. कोरडं वजन ७९० ग्रॅम. चोवीस तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोललं तेव्हा ८७५ भरलं. म्हणजे मातीने आपल्या वजनाच्या जवळजवळ ११ टक्के पाणी शोषलं. चांगलं पोर्सेलीन अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं, स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली टणक माती, दोन-चार टक्क्यांवर थांबतं. आकडा दहाच्या वर गेला की समजायचं, ही कमी आचेची साधी लाल माती आहे. चिनी मातीचे नखरे इथे नाहीत.

तळाला कुठलीही खूण नाही. जुन्या सिरॅमिकची ओळख पटवणारे आधी भांडं उलटं करतात, कारण खुणेतून बरंच कळतं. १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या नक्ष्यांवर पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची नोंदणीखूण असे. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं कायद्याने भाग पडलं, त्यामुळे भांड्याखाली देशाचं नाव दिसलं की साधारणपणे ते त्यानंतरचं धरतात. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी याला दुर्दैव समजत होते. पण खूण ही गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी असते, आणि या भांड्याचं तोंड गिऱ्हाइकाने कधी पाहावं अशी बनवणाऱ्याची अपेक्षाच नव्हती.

तेच झिलईचं. झिलई चढवायला साहित्य लागतं, वेळ लागतो, आणि भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून जपावं लागतं. दिसण्यासाठी केलेल्या भांड्यावर ती बाहेरून असतेच असते. इथे ती फक्त आत होती, तीही घाईने ओतून फिरवलेली. काठावरून एक ओघळ बाहेर आला होता आणि तो कोणी पुसला नव्हता. म्हणजे आत जे पडणार ते मातीत मुरू नये, एवढ्यापुरतीच झिलई. काठही पट्टीने कापल्यासारखा जाड आणि चौकोनी. ओठाला लागणारा काठ कुंभार असा ठेवत नाही. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि तरीही मी महिनाभर ‘यातून कोण काय पीत असेल’ याच प्रश्नाभोवती फिरत होते. ‘कप’ हा शब्द डोक्यात बसला होता ना. (अशा जुन्या पिवळट झिलईत शिसं असू शकतं हे धरूनच चालावं, त्यामुळे मी स्वतः त्यातून काही पिण्याचा प्रश्न नव्हता.)

चुकलेल्या वाटा

कुंडीचा अंदाज सगळ्यात आधी बाद झाला. काठाजवळच्या भोकातून जादा पाणी जाईल खरं, पण तोपर्यंत मुळं बुडून कुजतील.

मग वाटलं, भिंतीवर टांगायचं काहीतरी असेल: काड्या, चमचे, मेणबत्त्या ठेवायला. भोक त्याला जुळत होतं. पण टांगायच्या वस्तूची दर्शनी बाजू थोडी तरी सजवतात, निदान गुळगुळीत करतात.

पक्ष्यांच्या मडक्यावर मात्र मी बरेच दिवस अडकले, कारण ती कल्पनाच गोड होती. अठराव्या शतकात व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये भिंतीवर मातीच्या बाटल्या आडव्या टांगत. तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे तेच घरट्याचं दार. माझं भांडंही तसंच असेल, असं मी दोन-तीन जणांना सांगूनही मोकळी झाले. पण त्या बाटल्या बुडाकडून खिळ्याला अडकवतात. काठाजवळ भोक असलेलं भांडं खिळ्याला लावलं तर तोंड आकाशाकडे राहतं, आणि पहिल्याच पावसात पिल्लं पोहायला लागतील. शिवाय पक्ष्याच्या घराला आतून झिलई कशाला? गोड कल्पना सोडायला माणसाला पुराव्यापेक्षा जास्त वेळ लागतो, एवढं मात्र खरं.

रबराच्या झाडाखाली चीक गोळा करायला लावतात तो कप ही सगळ्यात जवळची चुकलेली वाट. ते कपही आतून झिलई दिलेले असतात, कारण वाळलेलं रबर पटकन सोलून काढता यावं. मी खूश झाले आणि बुडातल्या थराचा एक कण टाचणीने उकरला. तो ताणला गेला नाही. काचेसारखा तडकला आणि उडाला. रबर असं वागत नाही. त्यातून रबराचे कप बहुतेक ठिकाणी झाडाभोवतीच्या तारेच्या कड्यात बसवतात, त्यांना भोकाची गरज नसते.

इथे मी दोन आठवडे थांबले. भांड्यात पेन्सिली ठेवल्या.

भोकाकडे नीट पाहिल्यावर

पेन्सिली ठेवल्यामुळे ते रोज समोर असायचं, आणि एका दुपारी उन्हाची तिरीप भोकातून आरपार गेली तेव्हा मला पहिल्यांदा भोकाच्या कडा दिसल्या. बाहेरून आत ढकलून पाडलेलं भोक. आतल्या बाजूला मातीची ओठासारखी कड उठलेली, आणि त्या कडेवर झिलई चढलेली. म्हणजे भोक ओल्या मातीत, झिलईच्या आणि भट्टीच्या आधी पाडलं होतं. नंतर कोणी ड्रिल चालवलं असतं तर झिलईचे टवके उडाले असते आणि आतली कच्ची माती दिसली असती. झोपेतली चूक हा माझा सिद्धांत इथे संपला. झोपेत पाडलेलं भोक इतकं नीट नसतं.

मग भिंग आणलं. भोकाच्या वरच्या कडेला गंजाचा डाग होता. खालच्या कडेला नव्हता, बाजूंनाही नव्हता. भांडं खिळ्यावर टांगलं की त्याचा सगळा भार भोकाच्या वरच्या कडेवर येतो. तिथेच लोखंड वर्षानुवर्षं टेकलेलं होतं, तेही उघड्यावर, पावसात, कारण कोरड्या भिंतीवरचा खिळा एवढा गंज सोडत नाही. भोकाखालून बाहेरच्या अंगाने बुडापर्यंत एक खरखरीत, काळपट पट्टा गेला होता. त्याच्या विरुद्ध बाजूला माती स्वच्छ होती. मी पट्ट्याला एवढे दिवस धूर समजत होते. तो घासल्याचा पट्टा होता. भांड्याची ही बाजू कशाला तरी टेकून असे, आणि ते काहीतरी खडबडीत होतं.

आतल्या झिलईवर वरून खाली जाणारे बारीक ओरखडे होते, सगळे साधारण एकाच रुंदीचे. कोणीतरी पातं किंवा पळी घालून आतला ऐवज खरवडून काढत होतं, पुन्हा पुन्हा.

आता प्रश्न एवढाच उरला: उघड्यावर, खडबडीत उभ्या पृष्ठभागावर टांगलेल्या भांड्यात काय साचतं, जे पातळ येतं, घट्ट होतं, पाण्यात विरघळत नाही आणि वाळलं की काचेसारखं तडकतं?

उत्तर माझ्या धाकट्या भावाच्या नाकाने दिलं. तो व्हायोलिन वाजवतो. मी टाचणी तापवून थराला टेकवली होती, तेवढ्यात तो खोलीत आला आणि दारातच थबकला.

“ताई, माझी राळ जाळतेयस का?”

“तुझी राळ तुझ्याजवळ आहे. हे भांड्यातलं आहे.”

त्याने पेटी उघडून गजाला घासायची राळेची वडी आणली. दुसरी टाचणी तापवून तिला टेकवली. तोच वास. पाइनच्या लाकडाचा, थोडा लिंबासारखा, मागून घशाला खवखव करणारा. (हे बंद खोलीत करू नये. तापलेल्या राळेचा धूर श्वासाला बाधतो. सोल्डरिंग करणाऱ्यांना दमा होण्याचं ते एक माहीत असलेलं कारण आहे.)

नाकावर विसंबून प्रकरण बंद करायचं नाही, हे पक्षीप्रकरणात शिकले होते. थराचा कण सर्जिकल स्पिरिटमध्ये टाकला. रात्रीत तो पूर्ण विरघळला. रबर स्पिरिटमध्ये विरघळत नाही. त्या द्रावात पाण्याचे थेंब सोडले तर ते दुधासारखं पांढरं झालं, आणि भावाच्या वडीचा चुरा टाकलेलं स्पिरिटही अगदी तसंच. गरम पाण्याखाली थर मऊ का झाला होता, हेही उलगडलं. राळ साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडते. म्हणजे पहिल्याच दिवशी सिंकमध्ये मी नकळत पहिली चाचणी करून बसले होते.

कप कशाचा

पाइनच्या खोडाला जखम केली की झाड ती बुजवायला चिकट चीक सोडतं. हा चीक उकळून ऊर्ध्वपातन केलं की सुमारे पाचवा हिस्सा टर्पेंटाइन म्हणून उडून बाजूला जमतो आणि मागे राळ राहते. रंग, वार्निश, साबण, कागदाला लावायची खळ, गजाची वडी, सगळं यातूनच. लाकडी जहाजांच्या फटी बुजवायला डांबर आणि राळ लागायची, म्हणून या धंद्याच्या मालाला इंग्रजीत आरमारी सामानाचं नाव पडलं. जहाजं लोखंडी झाली तरी नाव तसंच राहिलं.

चीक गोळा करायची जुनी रीत ऐकून अंगावर काटा येतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, लांद भागात, झाडाच्या बुंध्याशी वाळूत खड्डा करत आणि चीक त्यात ओघळू देत. वाळू, साली, किडे सगळं त्यात. अमेरिकेच्या आग्नेय भागात त्याहून वाईट: बुंध्यालाच कुऱ्हाडीने खोल खोबण कोरायची आणि चीक त्या पोकळीत साचू द्यायचा. बुंधा पोखरलेलं झाड वादळात मोडतं, वणव्यात आधी पेटतं. काही हंगामांत झाड निकामी, की मजूर पुढच्या रानात.

१८४४ मध्ये पियेर ह्यूग यांनी फ्रान्समध्ये साध्या मातीच्या भांड्याचं पेटंट घेतलं. जखमेखाली जस्ताची छोटी पन्हाळ ठोकायची आणि तिच्याखाली भांडं अडकवायचं. जखम दरवर्षी खोडावर वर सरकते, तसं भांडंही वर न्यायचं. यात खरी मेख आहे. भांडं बुंध्याशीच राहिलं तर वरून ओघळणारा चीक वाटेतच हवेला लागून वाळतो आणि त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं. भांडं जखमेजवळ असलं की तो ताजा, स्वच्छ हाती येतो. लांदमध्ये तर १८५७ च्या कायद्यानंतर दलदलीच्या जमिनीवर पाइनची प्रचंड लागवड झाली, त्यामुळे अशा भांड्यांना काम भरपूर मिळालं.

अमेरिकेत हेच काम चार्ल्स हर्टी या रसायनशास्त्रज्ञाने केलं. १९०१ मध्ये त्याने जॉर्जियात प्रयोग सुरू केले: झाडाला खोबण न पाडता, पत्र्याच्या दोन पन्हाळी आणि त्यांच्याखाली खिळ्यावर टांगलेलं मातीचं भांडं. १९०३ मध्ये त्याचा अहवाल वनखात्याने छापला. झाडं वाचली आणि चीकही जास्त आणि चांगला मिळाला. याच गृहस्थाने १८९२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा पहिला फुटबॉल संघ उभा केला होता. या माहितीचा भांड्याशी काही संबंध नाही, पण मला ती सोडवत नाही. त्याच्या भांड्याचा आकार कुंडीचा, भोक काठाजवळ. आणि त्याला सगळे म्हणत ‘हर्टी कप’. कप! विकणारा तो शब्द कुठून तरी ऐकूनच आला असणार. कुऱ्हाडीने झाडात पाडायचं भोक त्या माणसाने उचलून भांड्यात नेलं होतं, आणि मी त्याला चूक म्हणत होते.

पुढे मातीचे कप मागे पडले. जड, थंडीत तडकणारे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याने आणि ॲल्युमिनियमने त्यांची जागा घेतली, आणि उरलेले ढिगाऱ्यांतून घरोघरी गेले. माझं भांडं अटलांटिकच्या कुठल्या काठावरचं, हे मातीचा नुसता रंग पाहून सांगणं धाडसाचं ठरेल. ते राळेचं आहे, एवढं म्हणायला मात्र माझ्याकडे वास, स्पिरिट, गंज आणि घासल्याचा पट्टा होता.

एकच गोष्ट जागेवर बसत नव्हती: तिरकी रेघ. कलत्या फळीची गोष्ट आता मला स्वतःलाच पटेना.

भावाने भिंतीत खिळा ठोकला आणि भांडं टांगलं. ते सरळ लोंबलं नाही. खाली निमुळतं असल्याने बूड आत सरकून भिंतीला टेकलं, भोकाखालचा पट्टा पूर्ण भिंतीला लागला आणि तोंड पुढे कललं. अँगल मोजला तर जेमतेम आठ अंश. मी तांब्याने हळूहळू पाणी ओतलं. पातळी चढत गेली आणि एका क्षणी पाण्याची कड त्या मधाच्या रंगाच्या रेघेला सगळ्या बाजूंनी एकदमच टेकली. भोकाच्या बाजूला साडेचार सेंटिमीटर, समोर तीन.

“रेघ तिरकी नव्हतीच, ताई,” भाऊ म्हणाला. “तू भांडं टेबलावर ठेवून बघत होतीस.”

पाणी काढलं, भांडं मात्र तसंच खिळ्यावर राहू दिलं. चार दिवसांनी उतरवलं तेव्हा भोकाच्या वरच्या कडेला, जुन्या डागाच्या अगदी शेजारी, गंजाचा एक ताजा केशरी ठिपका उमटला होता.